आकडा

अमेरिकेत वानप्रस्थाश्रम अजून शाबूत आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे वनात निघालेला माणूस वाटेत एकेक गोष्ट सोडत जायचा. इथला माणूस घर विकतो आणि घरातलं सगळं बरोबर घेऊन निघतो. डबल बेड, दोन आरामखुर्च्या, माणूस उभा मावेल एवढा फ्रीज, भिंतभर टीव्ही आणि त्या टीव्हीखाली विजेवर पेटणारी खोटी शेकोटी. हे सगळं चाकांवर चढवलेलं असतं आणि पुढे एक पिकअप ट्रक जोडलेला असतो. थंडी पडली की हे वानप्रस्थी उत्तरेकडून खाली सरकू लागतात. अ‍ॅरिझोनात क्वार्टझसाइट नावाचं गाव आहे. उन्हाळ्यात त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. जानेवारीत मात्र तिथल्या वाळवंटात नजर पोचेल तिथपर्यंत ही घरं उभी असतात आणि घराघरापुढे घडीच्या खुर्च्या टाकून दोन-दोन म्हातारे एकाच विषयावर बोलत असतात. विषय मोक्षाचा नसतो. विषय असतो, "तुमचा हिच कुठला?"

हिच म्हणजे ट्रक आणि घर यांच्यामधला सांधा. साध्या ट्रेलरचा सांधा गाडीच्या मागे, बंपरखालच्या गोळ्यावर बसतो आणि त्यावर दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलता येत नाही. पण या घरांतलं खानदानी घर म्हणजे फिफ्थ-व्हील. त्याचं नाक पुढे येऊन थेट ट्रकच्या हौद्यावर चढतं. त्या नाकात मालक-मालकिणीची झोपायची खोली असते आणि नाकाखाली किंगपिन नावाचा पोलादी खुंट लोंबत असतो. हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर हिच बसवलेला असतो. त्याचा जबडा या खुंटाची मान पकडतो. भार अ‍ॅक्सलवर येत असल्यामुळे वारा सुटला तरी घर मागे शेपटासारखं हलत नाही. खुंटाची जाडी दोन इंच.

माझी ताई आणि दाजी डॅलसच्या उत्तरेला राहतात. मी त्यांच्यापासून वीस मिनिटांवर राहतो, त्यामुळे जड काही उचलायचं असलं की मला फोन येतो. दाजी मेकॅनिकल इंजिनियर. उभी हयात पंपांच्या डिझाइनमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, की आता वर्षातले चार महिने फिफ्थ-व्हीलमध्ये राहायचं. मोठमोठे मालवाहू ट्रकसुद्धा आपले कंटेनर याच दोन इंची खुंटावर ओढतात, हे त्यांनी ताईला धीर यावा म्हणून सांगितलं.

"म्हणजे सगळा संसार दोन इंचांवर?" ताई म्हणाली.

"अगं, पोलाद आहे ते!"

"पोलाद असू दे. दोनच इंच आहे ना?"

या सांध्याची हौस जुनी आहे. ग्लेन कर्टिस नावाच्या अमेरिकनानं १९०७ साली फ्लोरिडाच्या ओरमंड बीचवर मोटरसायकल ताशी १३६ मैलांनी हाकली होती. पुढे त्यानं विमानं बांधली. १९२० च्या दशकात त्याला आपलं फिरतं घर मोटारीमागून ओढायचं होतं, तेव्हा त्यानं विमानाचं हवा भरलेलं चाक मोटारीच्या पाठीत आडवं बसवलं आणि त्याच्या मधोमध ट्रेलरचा खुंट खोवला. रस्त्याचे धक्के रबर खायचं, आतली मंडळी निवांत असायची. आज शंभर वर्षांनी आपण त्या रबराच्या जागी दोन-सव्वादोनशे पौंडांचं लोखंड ठेवलं आहे, आणि लोखंडाचे धक्के बसतात म्हणून हवेच्या पिशव्यांवर बसवलेला हिच जास्तीचे पैसे मोजून वेगळा घेतो. याला प्रगती म्हणतात.

दाजींनी ट्रेलर जुना घ्यायचा ठरवला, त्यात कंजूषपणा नव्हता, हिशेब होता. ही घरं बहुतेक इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या कारखान्यांत बनतात, आणि नवं घर दुकानाच्या फाटकाबाहेर पडेपर्यंतच त्याची किंमत घसरायला लागते. ती पुरेशी घसरली की ते कुणाच्या तरी शेतावर, गवतात टायर रुतवून, आपली वाट बघत उभं असतं. आम्हाला मिळालं ते सत्तरी ओलांडलेल्या एका जोडप्याकडे. फार प्रेमळ माणसं. त्यांनी आम्हाला लिंबाचं सरबत दिलं, नातवंडांचे फोटो दाखवले आणि छताच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या डागापुढे नेमकं कॅलेंडर टांगून ठेवलं होतं.

जुना ट्रेलर बघायची एक रीत असते. कोपऱ्यात, खिडकीखाली, छताच्या कडेला अंगठा दाबून बघायचा. आत गेला तर पाणी मुरलंय. मग टायरपाशी उकिडवं बसायचं. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३८१७ म्हणजे २०१७ सालातला अडतिसावा आठवडा. या घरांचे टायर झिजून जात नाहीत, बसून बसून जातात. वरून नक्षी नवीकोरी दिसते, मालक अभिमानानं म्हणतो, "फारसे चाललेच नाहीत हो," आणि तोच त्यांचा आजार असतो. दाजींनी सगळं तपासून वहीत लिहिलं आणि शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि हिच?"

"तो फुकट देतो," आजोबा म्हणाले.

मराठी माणसाच्या कानाला या शब्दाची वेगळीच तार जोडलेली असते. दाजींचा चेहरा उजळला. आजोबांनी आम्हाला गोठ्यात नेलं. तिथे एक ताडपत्री होती, ताडपत्रीखाली गंजलेला ऐवज होता आणि त्यावर मांजर व्यायलेली होती. हा हिच आजोबांच्या दोन ट्रकांपूर्वीच्या ट्रकला बसत होता. किती पौंडांचा आहे ते सांगणारी चिठ्ठी गंजात विरघळली होती. जबडा हातानं हलवला तर खुळखुळत होता. मी एका बाजूनं उचलायचा प्रयत्न केला आणि आजोबा इतके उदार का झाले ते तत्काळ कळलं. तो त्यांना गोठ्याबाहेर काढता येत नव्हता. ताईनं मांजरीची पिल्लं मोजली आणि म्हणाली, "तिचं घर मोडू नका." त्या मांजरीनं आमचे बरेच पैसे आणि कदाचित जीव वाचवला.

मग सुरू झाली नव्या हिचची निवड. या बाबतीत अमेरिकेत सरळ तट पडलेले आहेत, आणि एका तटातला माणूस दुसऱ्याच्या अंगणात कॉफी घेतो खरा, पण पटवून घेत नाही.

पहिला तट पट्टीवाल्यांचा. हौद्याला आरपार भोकं पाडायची, खालून चासीला कंस लावायचे, वर दोन आडव्या लोखंडी पट्ट्या ठोकायच्या आणि त्यांत हिचचे पाय अडकवायचे. स्वस्त आणि मस्त. कुठल्याही कंपनीचा हिच या पट्ट्यांत बसतो. तोटा असा, की हिच काढला तरी पट्ट्या तिथेच राहतात, आणि हौद्यात फावडं घालून माती उपसायला गेलं की फावडं दर खेपेला त्यांना अडखळतं. शिवाय चकचकीत ट्रकच्या हौद्यात ड्रिल घालताना मालकाचा जो चेहरा होतो, तो बघवत नाही.

दुसरा तट कारखान्यातूनच सोय करून आणलेल्यांचा. यांच्या हौद्यात चार कोपऱ्यांना चार खाचा तयार असतात. हिच आणायचा, चार पाय चार खाचांत टाकायचे, कळा फिरवायच्या, झालं. ही मंडळी पट्टीवाल्यांकडे दयेनं बघतात. दाजींचा ट्रक सेकंडहँड होता, आणि पहिल्या मालकानं नेमके ते पैसे वाचवले होते.

तिसरा तट मधल्या गोळ्याचा. कॅन्ससमधल्या हंबोल्ट या छोट्या गावातली बी अँड डब्ल्यू ही कंपनी हौद्याच्या मधोमध एकच भोक पाडून खाली चासीला दणकट बैठक लावते. गुरं नि गवत ओढणारे शेतकरी तिथे गोळा बसवतात. फिफ्थ-व्हीलवाले त्याच भोकात हिचचा खांब अडकवतात. काम झालं की हिच उचलायचा, हौदा पुन्हा सपाट. अर्थात 'हिच उचलायचा' हे दोन शब्द बोलायला सोपे आहेत. ते बोलणाऱ्यांच्या गॅरेजला छताला चेनपुली टांगलेली असते.

चौथा तट अ‍ॅल्युमिनियमवाल्यांचा. आयडाहोतल्या अँडरसन कंपनीनं जबडाच काढून टाकला आणि पस्तीस-चाळीस पौंडांची एक हलकी चौकट काढली. म्हणजे बायकोनंही एका हातानं उचलावी, असं हे लोक सांगतात. उचलते का ते सांगत नाहीत. पोलादवाले या चौकटीकडे बघून नुसतं "हं" म्हणतात. त्या एका "हं"मध्ये चाळीस वर्षांचा ट्रक-अनुभव आणि थोडी कंबरदुखी असते.

हे झाले मालक. शिवाय आमच्या महाराष्ट्र मंडळाची सहल होती. तिथे बटाटेवड्यांच्या रांगेत दाजींनी विषय काढण्याची चूक केली. ज्यांनी जन्मात सायकलला कॅरियर लावलं नव्हतं अशा सात जणांनी सात हिच सुचवले. एकानं, "माझा एक कलीग आहे," अशी सुरुवात केली. दुसरा म्हणाला, "घ्यायचा तर चोवीस हजारवालाच घ्या, मनाला शांती राहते." तिसऱ्यानं हिच म्हणजे काय ते विचारलं आणि उत्तर पुरतं ऐकून न घेता विरोध केला. त्यांच्यात एक जण असा होता, की तो काहीच बोलला नाही. त्याच्याकडे खरोखरच ट्रेलर होता.

चोवीस हजारांची गोष्ट मात्र सगळीकडे निघते. हिचवर कंपनी आकडा लिहिते: १६,०००, २०,०००, २४,००० पौंड. इतक्या वजनाचा ट्रेलर हा हिच सहन करेल, असा त्याचा अर्थ. तेवढाच. पण जितका मोठा आकडा, तितका आपला ट्रक बलदंड झाला, अशी माणसाची समजूत होते. दाजी इंजिनियर असूनही तीन दिवस चोवीस हजारांच्या प्रेमात होते. त्यांनी मला जबड्याचे चार फोटो पाठवले. एका प्लेटीत जबडा खुंटाच्या मानेला दोन्हीकडून मिठी मारतो, दुसरीत एकाच पात्यानं अडवतो. एक हिच फक्त पुढेमागे डुलतो, दुसरा डावी-उजवीकडेही डुलतो, म्हणजे खाचखळग्यांच्या जमिनीवर जोडताना बरा. यावर त्यांनी कोष्टक केलं. कोष्टकाला रंग दिले. ताई म्हणाली, मुलीच्या लग्नाच्या हॉलसाठी एवढं केलं नव्हतं.

मग आला काचेचा प्रश्न. दाजींच्या ट्रकचा हौदा आखूड, पावणेसात फुटांचा. लांब हौदा आठ फुटांचा असतो. हौदा आखूड म्हणजे ट्रेलरचं नाक केबिनच्या जवळ. सरळ रस्त्यावर काही बिघडत नाही. पण कँपग्राउंडच्या खोबणीत ट्रेलर मागे घालताना ट्रक काटकोनाकडे वळायला लागला, की ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेतून आत येतो आणि मानेजवळ थांबतो. हल्लीच्या ट्रेलरांची नाकं कोपऱ्यांत तासलेली असतात, त्यांचं भागतं. आमच्या जुन्या ट्रेलरचं नाक मात्र चांगलं चौकोनी, घराण्याचं होतं. अशांसाठी सरकता हिच असतो. त्यातला स्वस्त प्रकार असा: खोबणीपाशी थांबायचं, उतरायचं, खटका ओढायचा, हिच मागे सरकवायचा, मग वळायचं आणि नंतर आठवणीनं परत पुढे आणायचा. महाग प्रकार वळणाबरोबर आपोआप सरकतो.

"आपोआप सरकणारा घ्या," ताई म्हणाली.

"अगं, हाताचा हजारभर डॉलरनी स्वस्त आहे. खटकाच तर ओढायचा."

"तुम्हाला गॅरेजचं दार लावायची आठवण राहत नाही."

आपोआप सरकणारा ठरला.

एवढ्यावर उंचीचा प्रश्न दत्त म्हणून उभा राहिला. ट्रकच्या हौद्याच्या कडा आणि वर टेकणारं ट्रेलरचं पोट यांत साधारण सहा इंच मोकळी जागा लागते, नाहीतर रस्त्याकडेच्या एखाद्या चढावर पोट कडेवर आदळतं. जागा कमी पडली तर हिच एक भोक वर चढवतात. हिच वर गेला की ट्रेलरचं नाक वर, शेपूट खाली, आणि सगळ्या घराची उंचीही वाढते. ही घरं मुळातच बारा-तेरा फूट उंच. उत्तर कॅरोलिनातल्या डरॅम शहरात रेल्वेचा एक पूल होता, खालची जागा ११ फूट ८ इंच. त्यानं इतक्या ट्रकांची आणि ट्रेलरांची छपरं डबा उघडावा तशी सोलली, की जगभर त्याचं नाव झालं. अखेर २०१९ मध्ये रेल्वेनं तो उचलून १२ फूट ४ इंचांवर नेला. त्यानंतरही लोक येऊन धडकतातच. पूल आपली उंची पाटीवर लिहून उभा असतो. घरवाल्याला आपली उंची ठाऊक नसते. दाजींनी ती फितीनं मोजून स्टिअरिंगच्या वर चिकटवली.

असं सगळं ठरल्यावर आम्ही हिच बसवायला दुकानात गेलो. कोष्टक बरोबर होतं. कामाला पंचविशीचा एक पोरगा होता, हाताला कोपरापर्यंत ग्रीस. दाजींनी कोष्टक उघडलं. पोरानं ते बघितलं नाही. तो चालत ट्रकपाशी गेला, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि चौकटीवरची पांढरी-पिवळी चिठ्ठी वाचली. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये, असं त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. बहुतेक गाड्यांना असते. दाजी वर्षभर त्या दारातून चढत-उतरत होते. कंपनीच्या माहितीपत्रकातले ओढायच्या वजनाचे पंधरा हजार पौंड त्यांना तोंडपाठ होते. दारावरचा आकडा त्यांनी कधी वाचला नव्हता.

"दोन हजार तीनशे पन्नास," पोरगा म्हणाला. "सर, तुमच्या ट्रेलरचं नाक किती जड आहे?"

फिफ्थ-व्हीलच्या एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, कमीजास्त, त्या खुंटावरून ट्रकच्या पाठीवर येतो. १०,००० पौंडांचं घर असेल तर २,००० पौंड हौद्यात. ट्रकच्या दृष्टीनं हे ओढायचं वजन नव्हे, हे सामान. खताची पोती टाकावीत तसं. दोन हजार तीनशे पन्नासांतून दोन हजार गेले. त्यातच हिच बसायचा. त्यातच दाजी. त्यातच ताई.

आमचं सगळं कोष्टक हिच किती पेलेल याचं होतं. ट्रक किती पेलेल, हा रकाना त्यात नव्हता. आणि हे आमचंच नव्हे. क्वार्टझसाइटच्या खुर्च्यांमध्ये जबड्यांवर, पट्ट्यांवर, गोळ्यांवर रात्री सरतात. दारावरच्या चिठ्ठीचा विषय कुणी काढला, की कुणाला तरी एकदम कुत्र्याला फिरवून आणायचं असतं. कारण हिच बदलता येतो. तो हजार-दोन हजार डॉलरांचा प्रश्न आहे, त्यात चोखंदळपणा मिरवता येतो, वर्षभर चर्चा चालवता येते. चिठ्ठी वाचली तर कदाचित ट्रकच बदलावा लागतो. म्हणून माणूस सांध्याबद्दल बोलत राहतो.

मग माहितीपत्रकातले ते पंधरा हजार खोटे असतात का? मुळीच नाही. किती ओढता येईल हे ठरवायला जे-२८०७ नावाचं रीतसर मानक आहे. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा सुमारे अकरा मैलांचा चढ ट्रेलर ओढत चढायचा असतो, एसी पूर्ण जोरात ठेवून, आणि आपल्यासारख्या ट्रकचा वेग ४० मैलांच्या खाली येता कामा नये. परीक्षा कडक आहे. फक्त गाडीत एक ड्रायव्हर आणि एक प्रवासी धरतात, प्रत्येकी १५० पौंडांचे, म्हणजे ६८ किलोंचे. हे सडपातळ जोडपं कोण आहे देव जाणे. त्यांच्याकडे कुत्रा नाही, हत्यारांची पेटी नाही, मागच्या सीटवर पोहे-चिवड्याचा डबा नाही. दाजींचं वजन १६८ पौंड होतं. ताईचं मी लिहीत नाही.

हिच बसला. वजन २२० पौंड. आता घर जोडायचं. ट्रेलर भाड्याच्या तळावर ठेवलेला होता, कारण ताईच्या वसाहतीत अंगणात कुंडी कुठल्या रंगाची ठेवायची यालाही नियम आहे, तिथे चाकांवरचं घर कोण उभं करू देणार? पहिलं काम फाळका पाडायचं. फाळका वर ठेवून ट्रक मागे घेतला तर खुंट त्यात शिरतो; हे इतक्या लोकांच्या हातून झालंय, की मधोमध खोलगट केलेले खास फाळके बाजारात मिळतात. मग ट्रेलरचे पाय वरखाली करून त्याची प्लेट हिचच्या प्लेटीपेक्षा अर्धा-एक इंच खाली आणायची, म्हणजे ट्रक मागे आला की ती घासत वर चढते. दोन्ही लोखंडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये पांढऱ्या गुळगुळीत प्लास्टिकची थाळी असते. ताई बाजूला उभी राहून हातवारे करत होती.

"डावीकडे!"

"माझ्या का तुझ्या?"

"ट्रेलरच्या!"

खट्ट असा आवाज आला. दाजी विजयी मुद्रेनं उतरले. मी टाळी वाजवणार होतो, पण शेजारच्या घरातला टोपीवाला म्हातारा न बोलावता आला, टॉर्च घेऊन हौद्यात वाकला आणि म्हणाला, "बघा." आवाज झाला म्हणजे पकडलं असं नसतं. ट्रेलर जरा उंच राहिला तर खुंट जबड्यात न जाता जबड्याच्या डोक्यावर बसतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं, आणि पहिल्या धक्क्याला घर निसटून हौद्याच्या कडांवर कोसळतं. आमचा खुंट आत होता. जबडा त्याच्या मानेभोवती मिटलेला टॉर्चच्या उजेडात स्वच्छ दिसत होता, ग्रीसची काळी रेघ जिथे दाबली गेली होती तिथे नवं पोलाद चमकत होतं. खटक्याला पिन लावली. पाय जमिनीला जेमतेम टेकलेले ठेवून, फक्त ट्रेलरचे ब्रेक दाबून, ट्रक हळूच पुढे ओढून बघितला. सुटला नाही. म्हाताऱ्यानं टॉर्च खिशात टाकला आणि विचारलं, "कुठल्या कंपनीचा घेतलात?" दाजींनी नाव सांगितलं. तो म्हणाला, "हं."

मग आम्ही वजनकाट्यावर गेलो. महामार्गांवरच्या ट्रकथांब्यांवर कॅट स्केलचे काटे असतात. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांच्यासाठी वेगवेगळ्या फळ्या. खांबावरच्या डब्यातून आवाज येतो, कंपनीचं नाव विचारतो, ट्रकचा नंबर विचारतो. दाजी खिडकीतून वर वाकून म्हणाले, "कंपनी नाही, मी निवृत्त आहे." एकदा जोडून वजन केलं, एकदा ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचं केलं. दोन्ही चिठ्ठ्यांमधला ट्रकच्या चाकांवरचा फरक म्हणजे नाकाचं खरं वजन. ते निघालं २,१४०. त्यात हिचचे २२० मिळवले की २,३६०. दारावर २,३५०. म्हणजे ट्रकमध्ये अजून कुणी बसलेलंच नव्हतं आणि ट्रक दहा पौंडांनी वाहत होता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे. इथे तर नाकच मोत्याएवढं होतं.

नवा ट्रक, असं दाजी पुटपुटले. एक टनी, आठ फुटी हौद्याचा. ताईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि दाजींनाही ते समजलं. मग त्यांनी नाक हलकं करायला घेतलं. झोपायची खोली नाकात, म्हणजे तिथल्या कपाटात ठेवलेली प्रत्येक वस्तू जवळजवळ सगळी ट्रकच्या पाठीवर. तिथे ताईच्या साड्या होत्या. वाळवंटात साड्या कशाला, हे विचारण्याची कुणाची छाती नव्हती; तिथेही मराठी मंडळी भेटतात आणि हळदीकुंकू होतं, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. साड्या मागच्या कोचाखाली गेल्या. नाकाखालच्या कप्प्यातली हत्यारं मागे गेली. वीस पौंडी सोना मसुरीच्या दोन पिशव्या, प्रेशर कुकर, मिक्सर, सगळं शेपटाकडे. पाण्याची टाकी रिकामी केली, कारण एक गॅलन पाणी आठ पौंडांच्या वर भरतं. जुन्या मालकांनी कप्प्यात ठेवलेलं एक दगडी बदक निघालं, ते म्हाताऱ्याला भेट दिलं.

पुन्हा काटा. नाक १,९६०. दाजींनी बॉनेटवर वही ठेवून हिशेब मांडला. २,३५० वजा १,९६० वजा २२०. उरले १७०. त्यातून स्वतःचे १६८ वजा केले.

"दोन पौंड उरले!" दाजी म्हणाले. "बसलं बघ सगळं."

ताईनं वही हातात घेतली आणि खालपर्यंत वाचली. "माझं कुठे धरलंय?"

दाजी वहीकडे बघत राहिले. मी पुलाकडे बघत राहिलो, पूल नव्हता तरी.

"असू दे," ताई म्हणाली. "त्या दोन पौंडांत माझी पर्स आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन जा. मी फिनिक्सपर्यंत विमानानं येते."

दाजींनी पेन्सिल कानावरून काढली.

"बरणी काचेची आहे का प्लास्टिकची?"